सहा रुपये सत्तर पैसे कमी पडले आणि सोळाशे तीस रुपये गेले

पाथर्डीफाटा

मंडळी, आधी हिशोब देतो, मग बोलतो.

जुन्या कंपनीच्या वेळचं माझं एक खातं आहे. पगार आता दुसऱ्या बँकेत होतो, पण गाडीचा हप्ता अजून या जुन्या खात्यालाच बांधलेला आहे. ३,१४० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. महिनाअखेरीला मी हप्त्यापुरते पैसे तिकडे ढकलतो आणि विसरून जातो. चार एप्रिलला सकाळी खात्यात ३,१५१ रुपये होते. म्हणजे ११ रुपये जास्तच.

त्याच दिवशी बँकेने तिमाहीचे एसएमएसचे पैसे कापले. १५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १७ रुपये ७० पैसे. राहिले ३,१३३ रुपये ३० पैसे. पाच तारखेला हप्ता आला, ६ रुपये ७० पैसे कमी पडले आणि बाउन्स झाला. त्याचे ५०० अधिक जीएसटी म्हणजे ५९० रुपये कापले. आठ तारखेला फायनान्सवाल्याने हप्ता पुन्हा टाकला. आता तर खात्यात अडीच हजारच होते, निघणार कुठून? पुन्हा ५९०. शिवाय फायनान्सवाल्याचे स्वतःचे बाउन्सचे ४५०. झाले सोळाशे तीस.

मी त्या दिवसांत चैत्रोत्सवाला सप्तशृंगी गडावर पायी चाललो होतो. फोन बंद करून पिशवीत टाकलेला. नऊ तारखेला रात्री दर्शन झाल्यावर घरी कळवायला म्हणून चालू केला, तर एकामागोमाग एक टिंग टिंग. ज्या मेसेजचे पैसे कापले म्हणून बाउन्स झाला, तेच मेसेज येऊन सांगत होते की बाउन्स झाला.

तर प्रश्न असा की हे नियमात बसतं का, आणि यातलं काही परत मिळतं का? "शिस्त पाळा" सांगायला येणाऱ्यांनी वरचे ११ रुपये आधी परत वाचावेत.

टवाळ_पंचवटी

ज्या गावात १९२८ पासून नोटा छापतात त्या गावच्या माणसाला पावणेसात रुपये कमी पडावेत? नाशिकरोडला प्रेसच्या गेटवर जाऊन एक पाचाची आणि एक दोनाची मागायची होती.

मेघना_ना

आमच्याकडे हीच गंमत आईच्या खात्यात झाली होती. मे महिन्याच्या शेवटी जीवनज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० आपोआप जातात. आईच्या डोक्यात अजून जुने ३३० आणि १२. तिने त्या हिशोबाने पैसे ठेवले आणि आरडीचा हप्ता चुकला. दंड फार नव्हता, पण तिला इतकं लागलं की ती आठ दिवस पासबुक उशाशी घेऊन झोपायची. दंड किती झाला यापेक्षा आपण चुकलो हेच तिला खात होतं.

शिस्तबद्ध_सिडको

धागाकर्त्यांचा राग समजू शकतो, पण स्पष्ट बोलतो. खात्यात हप्त्यापुरतेच पैसे ठेवणं म्हणजे गाडीत पंपापर्यंत जाण्यापुरतंच पेट्रोल ठेवण्यासारखं आहे. एसएमएसचे पैसे दर तिमाहीला कापले जातात, हे काही पहिल्यांदा घडलं नाही. पाचशे रुपये जास्तीचे ठेवले असते तर हा धागाच निघाला नसता. मी अठरा वर्षं गृहकर्ज फेडलं, एकही हप्ता चुकवला नाही.

टवाळ_पंचवटी

@शिस्तबद्ध, तुमचा सत्कार कालिदास कलामंदिरात ठेवू की दादासाहेब गायकवाड सभागृहात?

पाथर्डीफाटा

@शिस्तबद्ध, माझी चूक नाही असं मी म्हणतच नाही. चूक पावणेसात रुपयांची आहे, तिला दंड सोळाशेचा का, एवढंच विचारतोय. हप्ता पूर्ण बुडवणाऱ्यालाही ५९० आणि मलाही ५९०.

निवृत्त_रोखपाल

मी चौतीस वर्षं काउंटरच्या पलीकडच्या बाजूला बसलो. त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडं थोडं सांगतो.

पहिलं म्हणजे इथे दोन वेगवेगळे दंड आहेत आणि लोक ते एकात एक कालवतात. किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड हा एक, आणि हप्ता किंवा चेक परत गेल्याचा दंड हा दुसरा. पहिल्यावर रिझर्व्ह बँकेने बऱ्यापैकी वेसण घातली आहे. नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू. शिल्लक कमी झाली की ग्राहकाला आधी कळवायचं, निदान महिनाभराची मुदत द्यायची, दंड जेवढी तूट तेवढ्या प्रमाणात घ्यायचा आणि निव्वळ या दंडापायी खातं उणे होऊ द्यायचं नाही. अनेक सरकारी बँकांनी तर हा दंडच बंद केला. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये केला.

धागाकर्त्यांचा दंड दुसऱ्या जातीचा. हप्ता परत गेला की सहा रुपयांसाठी गेला की सहा हजारांसाठी, बँक बघत नाही. तुटीच्या प्रमाणाचा तो नियम इथे लागत नाही. दर बँकेचं संचालक मंडळ ठरवतं आणि तक्त्यात लावतं. त्यामुळे "नियमात बसतं का" याचं उत्तर पहिल्या ५९० पुरतं "बसतं" असंच आहे. कडू आहे, पण खरं आहे.

पण म्हणून गप्प बसू नका. शाखाधिकाऱ्याला असे चार्जेस परत करण्याचे काही अधिकार असतात आणि तुमची केस चांगली आहे. अर्ज एका पानाचा करा. त्यात तीनच गोष्टी मांडा. चार तारखेची शिल्लक, बँकेने स्वतः कापलेले १७.७० आणि तूट ६.७०. पासबुकाचं ते पान झेरॉक्स करून जोडा, त्या तीन ओळींवर पेनाने खूण करा. गरीब-श्रीमंत, देवदर्शन, बँका लुटतात, यातलं काहीही लिहू नका. साहेबाला वाचायला अर्धा मिनिट मिळतो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

आणि एसएमएसचं विचारा. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१३ मध्येच सांगितलंय की हे पैसे प्रत्यक्ष पाठवलेल्या मेसेजप्रमाणे घ्यावेत. सरसकट १५ कशाचे घेतले, तिमाहीत मेसेज किती पाठवले, एवढा एकच प्रश्न अर्जाच्या शेवटी टाका. उत्तर द्यायला त्यांना वरच्या ऑफिसला लिहावं लागेल आणि तेवढ्यात साहेबाला तुमचे ५९० परत करणं सोपं वाटेल. (हे मी नोकरीत असताना सांगितलं नसतं.)

मेघना_ना

काका, कंसातलं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

लीड्सकर

मूळचा गंगापूर रोडचा, आता वीस वर्षं इंग्लंडात. इकडची गंमत उलटी आहे. खात्यात पैसे कमी असले तरी बरेचदा बँक पैसे देऊन टाकायची, खातं उणे व्हायचं आणि मग रोजचा किंवा महिन्याचा ठरावीक दंड लागायचा. दहा पौंडांच्या तुटीला तीस-पस्तीस पौंड. मी आलो त्या सुमारास लोकांनी बँकांना पत्रं लिहून जुने दंड परत मागायची लाटच आणली होती, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्या पत्रांचे मसुदे फिरायचे. बँका कोर्टाबाहेर पैसे देत होत्या. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि नोव्हेंबर २००९ मध्ये निकाल बँकांच्या बाजूने लागला. हे दंड म्हणजे खातं चालवण्याच्या किमतीचाच भाग, त्यामुळे ते वाजवी आहेत की नाहीत हे सरकारी खात्याने त्या कायद्याखाली तपासायचं नाही, असं. लाट ओसरली. पण एप्रिल २०२० पासून इकडच्या नियामकाने ठरावीक दंडच बंद केले. आता उणे रकमेवर सरळ व्याज लावायचं, आणि परवानगीशिवाय उणे गेलात तरी व्याजाचा दर तोच.

थोडक्यात, कोर्टात हरलेली गोष्ट दहा-साडेदहा वर्षांनी नियमाने मिळाली.

शिस्तबद्ध_सिडको

तिकडचं तिकडे. आपल्याकडे दंड काढून टाकला तर उद्या सगळेच हप्ते चुकवतील.

द्राक्षवाला_पिंपळगाव

शिस्तबद्ध साहेब, माझं ऐका. व्यापाऱ्याने मालाचा चेक दिला. बागेतून गाडी भरून माल गेला, चेक मी बँकेत टाकला. वटला नाही. व्यापाऱ्याच्या खात्यातून दंड गेला ते ठीक. पण माझ्या खात्यातूनही चेक परत आल्याचे पैसे कापले. माल माझा गेला, पैसे मला मिळाले नाहीत, आणि दंडही मीच भरला. यात माझी शिस्त कुठे चुकली ते सांगा. छाटणी उशिरा केली का?

शिस्तबद्ध_सिडको

@द्राक्षवाला, तुमच्या बाबतीत अन्याय आहे, मान्य. तो खर्च व्यापाऱ्याकडून वसूल करायला हवा.

द्राक्षवाला_पिंपळगाव

व्यापारी सापडला की करतो.

टवाळ_पंचवटी

काल कुणीतरी मला सांगितलं की हप्ता बाउन्स झाला तर तुरुंगात पाठवतात. धागाकर्ते, डबा कुठे आणायचा? शरणपूर रोडवरून मिसळ आणू शकतो, पण पाव तिथे आत नेऊ देतात का बघावं लागेल.

निवृत्त_रोखपाल

टवाळ, चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, कारण लोक खरंच घाबरतात. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा २००७, त्याचं कलम २५. पैसे नसल्याने इलेक्ट्रॉनिक हप्ता परत गेला तर चेक न वटल्यासारखाच तो गुन्हा ठरू शकतो, हे खरं. पण त्याआधी समोरच्याने लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस मिळतात. धागाकर्त्यांनी हप्ता नऊ-दहा तारखेला भरला असेल तर विषय संपला. वसुलीवाला फोनवर "केस टाकतो" म्हणाला की हे वाक्य त्याला वाचून दाखवा.

पाथर्डीफाटा

दहा तारखेलाच भरला काका, गडाच्या पायथ्याशी बसून, मोबाइलवरून. वसुलीवाल्याचा फोन त्यानंतर आला.

सातपूरचा_माजी_वसुलीवाला

मीच तो फोन करणारा. म्हणजे तुम्हाला नव्हे, पण पाच वर्षं हेच काम केलं. आतली गोष्ट सांगतो. हप्ता परत आला की दुसऱ्यांदा टाकायची तारीख सिस्टिमनेच लावलेली असते. कोणी माणूस बसून "याला पुन्हा टाकू या" म्हणत नाही. त्यामुळे बाउन्सचा मेसेज दिसला की लगेच फायनान्सवाल्याच्या अ‍ॅपवरून किंवा लिंकवरून हप्ता थेट भरायचा, आणि वर फोन करून "भरलाय, पुन्हा टाकू नका" असं सांगून तक्रार क्रमांक घ्यायचा. नुसते बँकेत पैसे टाकून वाट बघत बसलात तर कधी दोनदा कापले जातात, मग एक हप्ता परत मिळवायची वेगळी वारी.

अजून एक. आधी रविवार किंवा सुट्टी आली की हप्ता दुसऱ्या दिवशी यायचा. ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा सुट्टीच्या दिवशीही चालते. पाच तारीख रविवारी आली तरी पाचलाच येणार, आणि सकाळी सकाळी येणार. पैसे चार तारखेच्या संध्याकाळी खात्यात हवेत. "पाचला दुपारी भरतो ना" म्हणणारे बहुतेक सगळे माझ्या यादीत असायचे.

तारीख बदलून मिळते का ते विचारा. पगारानंतर दोन-तीन दिवसांची तारीख घ्या.

पेठचा_मास्तर

विषय थोडा बाजूला नेतो, पण मुळात तोच आहे.

आमच्या शाळेतल्या एका मुलीची शिष्यवृत्ती आली. १,२०० रुपये. बाप तिला घेऊन बँकेत गेला, दिवसाची मजुरी बुडवून. काउंटरवर सांगितलं ४९२ रुपये आहेत. तो गप्प परत आला. दुसऱ्या दिवशी मुलगी पासबुक घेऊन माझ्याकडे आली. तिने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर रुमाल बांधून आणलं होतं. मशीनमधून छापलेली शेवटच्या दोन ओळींची शाई अजून ताजी. एकीत १,२०० जमा, खाली त्याच तारखेला ७०८ नावे. सहाशे आणि त्याचा जीएसटी. मागची किमान शिलकीची "बाकी" होती म्हणे. पैसे आले रे आले की कापायचे म्हणून यंत्रात बसवून ठेवलेलं.

मुलीला तर माहीतच नव्हतं की खातं साधं बचत खातं आहे. शिबिरात फॉर्म भरले तेव्हा कुणीतरी चुकीच्या रकान्यात खूण केली. शून्य शिलकीचं मूलभूत बचत खातं उघडायला हवं होतं, त्याला किमान शिलकीची अटच नसते.

मी एक अर्ज लिहिला, मुलीची आणि बापाची सही-अंगठा घेतला आणि स्वतः गेलो. मॅनेजर बाई नवीन होत्या. त्यांनी पासबुक दोनदा उलटसुलट पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मास्तर, हे व्हायला नको होतं." चार दिवसांत ७०८ जमा झाले आणि खातं बदलून मिळालं. पण वर्गात अशी अकरा मुलं निघाली. बाकीच्या दहा जणांचे अर्ज मी अजून एकेक करून देतोय.

निवृत्त_रोखपाल

मास्तर, दहाही अर्ज एकदम द्या, यादी वर लावून. एकेक दिला की प्रत्येक वेळी तो अपवाद ठरतो. आणि एक ओळ घाला की दंडाआधी महिनाभर मुदतीची सूचना कुणालाच मिळाली नव्हती. अल्पवयीन मुलांच्या खात्याला मोबाइल कुणाचा जोडलाय तेही बघा. बहुतेक शिबिरवाल्याचा निघेल.

मेघना_ना

सरकारी बँकांनी पाच वर्षांत किमान शिलकीच्या दंडातून सुमारे साडेआठ हजार कोटी गोळा केल्याचं उत्तर २०२४ मध्ये लोकसभेत दिलं होतं. तो आकडा वाचला तेव्हा डोळ्यासमोर काही आलं नव्हतं. आज तो रुमाल आला.

शिस्तबद्ध_सिडको

मास्तरांचा प्रतिसाद वाचला. माझं पेट्रोलवालं उदाहरण या मुलांना लागू नाही, मागे घेतो. धागाकर्त्यांना अजूनही लागू आहे.

टवाळ_पंचवटी

साहेबांनी अर्धा हप्ता भरला. बाउन्स धरायचा का?

सिन्नरचा_वारा

आमची पतसंस्था असे दंड लावते, तर रिझर्व्ह बँकेकडे जाता येईल का?

निवृत्त_रोखपाल

नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली येत नाही, ते सहकार खात्याचं काम. बँक असेल तर क्रम असा की आधी शाखा, मग बँकेचाच तक्रार विभाग. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. १२ नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या लोकपालांची योजना एकच झाली, तक्रार ऑनलाइन करता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. १४४४८ वर फोन करून मराठीतही विचारता येतं. थेट लोकपालाकडे उडी मारली तर तक्रार परत येते, म्हणून ती पोच सांभाळा. जिल्हा ग्राहक आयोगही आहे, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, पण पाचशे रुपयांसाठी तारखा कोण करणार? केल्या तर मात्र मी येईन तुमच्याबरोबर, मला दुपारी काही काम नसतं.

पाथर्डीफाटा

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.

काकांनी सांगितलं तसाच एका पानाचा अर्ज केला. काउंटरवरच्या पोराने आधी "हे सिस्टिमने कापलंय, आमच्या हातात नाही" म्हणून सांगितलं. मी काही बोललो नाही, पासबुकाची खुणा केलेली झेरॉक्स पुढे सरकवली. त्याने तीन ओळी वाचल्या, तोंडातल्या तोंडात वजाबाकी केली, मग कॅल्क्युलेटर काढून परत केली. "सहा रुपये सत्तर?" म्हणाला. मी मान हलवली. तो अर्ज घेऊन आत गेला. पोच मात्र मागितल्यावर जरा तोंड वाकडं केलंच.

साहेब म्हणाले, पहिला चार्ज तक्त्याप्रमाणे आहे, तो राहील. दुसरा ५९० परत करतो. मी म्हटलं पहिलाच तर तुमच्या १७.७० मुळे लागला. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण मला एकच करता येतो." वाद घातला नाही. पाच दिवसांनी ५९० जमा झाले. पहिल्यासाठी बँकेच्या तक्रार विभागाला लिहिलंय, ३० दिवस मोजतोय. एसएमएसच्या प्रश्नाला उत्तर नाही.

फायनान्सवाल्याने ४५० सोडायला साफ नकार दिला. हप्त्याची तारीख मात्र ७ करून दिली. आणि हो, @शिस्तबद्ध, खात्यात आता पाचशे जास्तीचे ठेवलेत. खूश?

शिस्तबद्ध_सिडको

खूश. तक्रार विभागाचं उत्तर आलं की इथे टाका, मलाही बघायचंय पहिल्या ५९० चं काय होतं.

पेठचा_मास्तर

दहा अर्ज यादीसह दिले. सात मुलांचे पैसे आले. तिघांच्या खात्याला खरंच शिबिरवाल्याचा नंबर निघाला, त्याची दुरुस्ती चालू आहे.

टवाळ_पंचवटी

@पाथर्डीफाटा, ५९० जमा झाल्याचा मेसेज आला का?

पाथर्डीफाटा

आला ना. तो आता जुलैत मोजतील.